पदरावरची टोपी

—नाही, नाही, मूठ नको आवळू. हात ढिला सोड. आणखी ढिला. हा हात तुझा नाहीच असं समज. अंगठा आत घे... हं, अशी. तू हात आवळला का बांगडी फुटते, बांगडी फुटली का काच लागते, आन् काच लागली का नाव माझं खराब. पंधरा वर्षं झाले मले या दुकानात बसून, माझ्या हातून कोण्या बाईले खरचटलंबी नाही — विचार तू शहापुरात कोणालेबी. दुकान कायचं म्हणा, घराचीच पुढची खोली, शटर वर केलं का दुकान, खाली केलं का घर. थोडीशीक हळू बोलजो मात्र, बाजूच्या छपरीत भासरे बसले आहेत. यायचे मोठे भाऊ. पेपर वाचून राहिले. वाचतात कमी, ऐकतात जास्त. चांगले आहेत बिचारे, पण त्यायच्यासमोर मी आवाज काढत नाही आन् डोस्क्यावरचा पदर काढत नाही, सव्वीस वर्षं झाले लग्नाले.

कोणतं गाव म्हटलं तू? आंधळगाव. नाव? टीना. छान आहे. आता एक सांग टीना, आंधळगावाहून तू इथं बांगड्या भरायले आली? मंधात अख्खं भंडारा पडलं, तिथं बांगड्यायची लाइनच्या लाइन आहे, ते सोडून दोन बसा बदलून या हायवेवर उतरली, एवढ्या उन्हात? आन् हातात तर आहेतच बांगड्या, आताच्याच भरलेल्या दिसतात, चमक गेली नाही अजून. नको, लपवू नको. मी काही रागावली नाही. तू आल्यापासून बांगड्यायकडं एकदा पाह्यलं आन् माझ्या पदराकडं दहा वेळा. पाह्य, आताबी पाहून राहिली. मी ओळखते. तुझ्याआधी सात जणी आल्या. कोणी बांगड्या भरते, कोणी टिकलीचं पाकीट घेते, एक तर सुतळी मागत होती — बांगड्यायच्या दुकानात सुतळी! — आन् मंग जाताजाता, उंबरठ्यावर पाय ठेवून, "बाई, ते मोबाइलवर आलं होतं, लाल उजेडाच्या टोपीचं, शहापूरच्या आर. ताई, ते तुम्हीच का?" हो. मीच. रुखमिणी माझं नाव, त्यातलंच ते आर. चार महिने लावली टोपी, आले केस. झालं? दुसरा हात दे.

काय? कशी लावायची? अवं, सोपं आहे. टोपी असते, क्रिकेटवाले घालतात तशी, आतून बारीक बारीक लाल बल्ब, मोबाइलसारखी चार्ज करायची. एक दिवसाआड पंचवीस मिनिटं. वेळ झाली का टुंग वाजते आन् आपोआप बंद. दुखत नाही, चटका नाही, काही नाही, नुसतं बसायचं. मी दुपारी सगळ्यायचे जेवणं झाले का माजघरात बसत होती, दार लोटून. ते दार फुगलं आहे, पूर्ण लागतच नाही, चार बोटं फट राहते, आन् भासऱ्यायची ये-जा त्याच बाजूनं, म्हणून मंग पदर असा ताणून घ्यायची, सुरकुती राहू द्यायची नाही, आन् त्याच्यावर टोपी—

काय? हो, पदरावरून. तर का उघड्या डोस्क्यावर?

...निघालं तोंडातून. सात जणींसमोर नाही निघालं, आन् तुझ्यासमोर निघालं. तू बोलत नाही म्हणून झालं ते. ज्या बाया बोलतात त्यायच्यासमोर माणूस सांभाळून राहते. तू नुसती डोळे मोठे करून बसली, आन् मी धान सांडावं तसं सांडत गेली.

बरं, आता निघालंच तर ऐक. हसायचं असन तर हसून घे आधी. पदरावरून लावली मी, चार महिने. एक दिवस चुकली नाही. मी अडाणी आहे असं नको समजू, दहावी झाली आहे मी. मी विचार केला होता — आम्ही उन्हाळ्यात मुगाच्या वड्या घालतो, तुम्हीबी घालत असान, तर कावळा येते, धूळ येते, म्हणून वड्यायवर पातळ फडकं टाकतो. तरी वाळतात ना खडखडीत? ऊन जाते ना फडक्यातून? मंग हा तर लाल उजेड, मशीनचा, हा काहून नाही जाणार? सुती पदर तर घेत होती मी, मुद्दाम सुती, जुना, धुवून धुवून विरलेला. सिंथेटिक नाही घेतला. एवढी अक्कल लावली मी त्याच्यात, टीना! आन् भासऱ्यायसमोर डोस्कं उघडं टाकणं मले जमत नाही, ते कोणी सांगतलं म्हणून नाही, आता ते अंगातच गेलं आहे. त्यायचा खोकला ऐकू आला का हात आपोआप पदरावर जाते.

पुस्तिका? होती. इंग्रजीत होती, बारीक अक्षराची, आन् शेवटच्या पानावर हिंदी, तेबी मुंगीएवढं, मले दिसेना. त्यात का लिहिलं आहे ते वाचून सांगायले माणूस होतं माझ्याजवळ. माझं माणूस होतं. सांगतलं नाही त्या माणसानं.

काहून काढून राहिली ओढणी? उन्हाची बांधली म्हटली ना तू? मी तवाच म्हटलं मनात, दुकानात कुठलं ऊन. राहू दे, राहू दे, गाठ नको सोडू, लोकं येतात-जातात...

अवं माय.

किती वर्षांची आहेस? तेवीस? तेवीस वर्षांची पोट्टी तू. कधीपासून? टायफाइडनंतर. हं. नाही, नाही, झाक, आली नाही अजून रडायची वेळ, झाक. मी पाह्यलं. मले समजते. धानाच्या रोवण्यात मंधातले पऱ्हे, कोवळी रोपं, मेले का बांधीत जसं नुसतं पाणीच दिसते, तशीच माझी टाळू आहे. मी पाह्यली नाही. मी हातानं पाह्यली. न्हाताना हात लावला का समजते. इथं केस, इथं केस, आन् इथं काहीच नाही, चामडी. पहिल्यांदा समजलं तवा मी मोरीत तशीच बसून राहिली, पाणी थंड झालं. माझे केस कसे होते माहीत आहे? वेणी घातली का कमरेच्या खाली जात होती. लग्नात सगळे केसायचंच बोलले, तोंडाचं कोणी बोललं नाही. आन् चाळीस झाली आन् जे गळायले लागले ते कंगव्यात, उशीवर, भाजीत — भाजीत निघाला का यायचं तोंड वाकडं व्हायचं, बोलायचे नाही. यायले माहीत नाही. सव्वीस वर्षं एका घरात राहून यायनं माझी टाळू पाह्यली नाही आता, मी पाहू देत नाही. कांद्याचा रस लावला, मेथी वाटून लावली, एका वैदूचं तेल लावलं, त्याचा वास असा का भासरे छपरीतून उठून मंदिरात जाऊन बसले. पुरुषायले काही नाही, पुरुष टकला झाला का त्याले लोकं पैसेवाला म्हणतात. बाईचं डोस्कं गेलं का बाई दिसतच नाही लोकायले, डोस्कंच दिसते. म्हणून मी दिसू दिलं नाही. कोणालेच नाही. एकीले सोडून.

मेघा. माझी बहीण. भंडाऱ्याले पार्लर आहे तिचं. माझ्याहून चौदा वर्षं लहान. माय गेली तवा ती चार वर्षांची आन् मी अठराची, बाप शेतात जाये आन् ही माझ्या कमरेवर. माझं लग्न झालं तर ही मागं मागं आली, परकराले धरून. इथं, याच घरात. भासऱ्यायनं एका शब्दानं म्हटलं नाही का ही पोट्टी कायले आणली. उलट शाळेत नाव त्यायनंच टाकलं. मले ती बाई म्हणते, मोठ्या बहिणीले आमच्यात बाई म्हणतात. तिचे केस मी विंचरले, टीना. रोज. चार वर्षांची होती तवापासून तिच्या लग्नाच्या दिवसापर्यंत. दोन वेण्या, वर बांधलेल्या, लाल रिबिन. तिच्या डोस्क्यात कुठं उतार आहे, कुठं चढ आहे, ते मले झोपेत सांगता येईन. सहा वर्षांची असताना बोडीच्या, गावच्या तळ्याच्या, पाळीवरून घसरली, गोटा लागला मागं, भोवऱ्याच्या जरासं उजवीकडं. टाके पडले. तिथं केस नाही येत, नखाएवढी जागा आहे, वाकडी. मी भांग असा पाडत होती का ती जागा झाकली जाये. शाळेत कोणी चिडवू नये म्हणून. कोणालेच माहीत नाही ते, तिच्या नवऱ्यालेबी माहीत नसन. मले माहीत आहे.

तर तिले दाखवली मी टाळू. दिवाळीच्या पाडव्याले आली होती, डबा घेऊन, मोठा, चकचकीत. "बाई, तुझ्यासाठी आणलं," म्हणे. "मी काही आंधळी नाही, पार्लर चालवते, तुझा पदर किती पुढं येऊन राहिला ते मले समजते." मले रडू आलं. म्हटलं, कोणी तरी पाह्यलं आपल्याले. माय गेल्यावर मले कोणी असं पाह्यलं नव्हतं, मीच सगळ्यायले पाहत आली. माजघरात नेऊन दार लोटलं आन् काढला पदर. तिनं हात ठेवला टाळूवर. अशी पुरी हथेली. मी शहारली — पाच-सहा वर्षांत तिथं कोणाचा हात लागला नव्हता. म्हणे, "फोटो काढते, दर महिन्याले एक, म्हणजे फरक समजन. कोणाले दाखवणार नाही, तुझ्या डोस्क्याची शपथ." शपथ घ्यायले हात उचलावाबी लागला नाही तिले, तिथंच तर होता.

टोपी कशी लावायची ते तिनंच दाखवलं, हातात धरूनच, घाईघाईत, कारण यायचा आवाज आला. केस कोरडे पाहिजे म्हणे, तेल नको म्हणे. पदराचं काहीच नाही म्हटलं. ठीक आहे, तिले का माहीत मी पदरावरून घालीन? ती भंडाऱ्यात राहते, तिथं कोण पदर घेते. मी हेच म्हणत होती मनाले, लय दिवस. तिले का माहीत.

हे पाह्य, या बाजूची हिरवी राहिली, मंधात लाल टाकू का? टाकते. दिसन चांगली.

मंग एक दिवस शकुनबाई आली. मागच्या आळीतली, तिचा मोबाइल नवीन, सगळ्यायले दाखवत फिरते. होळी झाली होती. बांगड्या निवडता निवडता म्हणे, "रुखमिणी, पाह्य वं कशी जादू आहे," आन् मोबाइल माझ्या तोंडासमोर. दोन फोटो जोडलेले. डावीकडं एक टाळू, उजाड. उजवीकडं एक डोस्कं, काळंभोर, दाट. खाली लिहिलेलं — शहापूरच्या आर. ताई, फक्त चार महिने, लाल उजेडाची कमाल. आता तुले खरं सांगते. मी डावीकडच्या बाईकडं पाह्यलं आन् म्हटलं, अरेरे, बिचारी. हो! मनापासून म्हटलं. आपली टाळू आपल्याले कुठं दिसते? अख्ख्या दुनियेले दिसन, आपल्याले नाही. मले कीव आली त्या बाईची, वाटलं, माझ्याहूनबी वाईट आहे हिचं. आन् मंग उजवीकडं पाह्यलं, त्या दाट केसायकडं — आन् ती जागा दिसली. भोवऱ्याच्या जरासं उजवीकडं. वाकडी. नखाएवढी.

मी म्हटलं, ही तर आमची मेघा.

तोंडानं नाही, मनात. आन् मंग पुन्हा डावीकडं पाह्यलं. खांद्यावर साडीचा काठ आला होता थोडासाक, आंब्याच्या रंगाचा, हिरवी बारीक किनार. पाडव्याले नेसली होती मी ती. मेघानंच दिली होती.

टोपीनं काम नाही केलं त्याचं नाही वाटलं मले. कांद्यानं नाही केलं, वैदूनं नाही केलं, टोपीनंबी नाही केलं, त्याची सवय आहे मले. पण मी जिले एकटीले दाखवलं, तिनं ते सगळ्यायले दाखवलं. आन् बाजूले स्वतःचं डोस्कं लावलं! मी विंचरलेलं! दुसऱ्या कोण्या बाईचं लावलं असतं तर मी इतकी नसती तुटली. धोका दिला मले माझ्या बहिणीनं. हा शब्द मी आजपर्यंत कोणाजवळ बोलली नाही, यायच्याजवळबी नाही. धोका दिला.

थांब, एवढंच असतं तर मी तुले खुशाल सांगून मोकळी झाली असती. शकुनबाई माझ्याकडं पाहून राहिली होती. "आर. ताई म्हणजे रुखमिणी तर नाही? वं? तूच का हे?" आता का म्हणू? नाही म्हटलं तर ती आणखी पाहीन, काठ पाहीन, तिले सगळ्यायच्या साड्या पाठ आहेत. डावी टाळू माझी आहे हे तिले समजलंच असतं. मंग मी म्हटलं, हो. मीच. आले केस. दोन्हीबी डोस्के माझेच म्हटले मी! समजलं तुले? त्या उजाड टाळूची लाज वाटली म्हणून मी बहिणीचे केस स्वतःचे म्हणून सांगतले. पदर होताच डोस्क्यावर, खाली का आहे ते कोण पाहते. शकुनबाई म्हणे, "दाखव ना." म्हटलं, "भासरे आहेत वं छपरीत." हेच सांगत आली मी सगळ्यायले. भासरे बिचारे, त्यायले माहीतबी नाही त्यायच्या नावावर किती खोटं खपलं. शकुनबाईनं टोपी मागवली लेकीसाठी. मोहाडीची एक आली होती, तिनंबी घेतली. माझ्या तोंडावर घेतली. तुझ्याआधी सात जणी, सातहीजणींले मी हो म्हटलं, चहा पाजला, टिकली फुकट दिली. त्या गेल्या का मी आत जाऊन उगाच भांडे घासत बसायची.

भेटली ना मेघाले, कशी नाही भेटणार. दुसऱ्याच दिवशी गेली भंडाऱ्याले. पार्लरमध्ये दोन पोट्ट्या बसल्या होत्या तोंडाले काहीतरी फासून, त्यायच्यासमोर बोलता येईना. मागच्या खोलीत नेलं तिनं मले, तिथं त्याच टोप्यायचे डबे रचलेले, विकायले. मी म्हटलं, मेघा, माझा फोटो? तर का म्हटलं असन तिनं? अंदाज कर. माफी? नाही. लाजली? नाही. म्हणे, "तोंड कुठं दिसते, बाई?"

तोंड कुठं दिसते.

म्हणे, "तोंड दिसत नाही, नाव पुरं नाही, कोण ओळखते? आन् कोणी ओळखलंच तर बरं नाही का, लोकायले वाटन तुझे केस आले." मी म्हटलं, आले का पण? एक तरी आला का? तर हसली ती. मोठ्यानं नाही, असं नाकातून. "कसे येतीन बाई, पदरावरून कोणी लावते का टोपी? उजेड टाळूले लागन तवा ना."

टीना, मी तिले पदराचं कधी सांगतलं नव्हतं.

तिथं उभ्या उभ्या मले आठवलं. संक्रांतीच्या चार दिवस आधी, दुपारी, मी टोपी घालून बसली होती आन् ही दारात. त्या चार बोटांच्या फटीतून पाहत होती. मी म्हटलं, ये ना वं आत. आली. माझ्याकडं पाह्यलं, टोपीकडं पाह्यलं, पदराकडं पाह्यलं, आन् म्हणे, "चालू दे, चालू दे, मस्त." तिळगुळाचा डबा ठेवला आन् गेली. महिन्याचा फोटो काढायलेच आली होती ना ती? पण त्या दिवशी काढला नाही. त्याच्यानंतर काढलाच नाही. मले वाटलं, कामात असन. अवं, तिले जो पाहिजे होता तो पाडव्यालेच भेटला होता! उजाडवाला! मंग माझे केस येवो का न येवो, तिले का करायचं? नुसतं "बाई, पदर काढ" एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. मी दोन महिने आणखी बसली तशीच, मान दुखेपर्यंत, फडक्यावर उजेड पाडत. फोटोचं मी एखाद वेळी विसरीनबी, धंदा आहे, पोटासाठी माणूस काहीबी करते. पण तिनं पाह्यलं आन् सांगतलं नाही, हे मले नाही विसरता येत. ते फटीतलं तोंड येते डोळ्यासमोर, आन् मले अजूनबी त्या तोंडावर खोबरेल लावून दोन वेण्या घालाव्याशा वाटतात, सांग आता याले का म्हणायचं.

टोपी खराब आहे का? ते मी कसं सांगू? मी लावलीच कुठं! त्याच्यानंतर मी दवाखान्यात गेली, चामडीच्या डॉक्टरीणबाईजवळ, पहिल्यांदा. तिनं सांगतलं, कोण्या कोण्या बाईले अशा उजेडानं थोडाफार फरक पडते, कोण्या बाईले नाही, उघड्या डोस्क्यावर लावा लागते, महिनोन्‌महिने, आन् त्याच्याआधी रक्त तपासा. माझं तपासलं तर थायरॉइड निघालं. गोळी सुरू आहे. तुझं टायफाइडचं आहे तर कदाचित आपोआपच येतीन, ती डॉक्टरीण म्हणत होती, बिमारीचे गेलेले येतात पुष्कळदा. तू जाजो तिच्याजवळ आधी. तेवीस वर्षांची आहेस. टोपीबिपी मंग पाहजो.

बस, भरल्या. दोन्ही हात वर धर. वाजव. हं, छान.

पण मले एक सांग. मोबाइलवर तर नुसतं शहापूरच्या आर. ताई आहे. शहापूर काही लहान नाही, हायवेच्या या बाजूनं त्या बाजूनं किती घरं. मोहाडीच्या बाईले शकुनबाईनं आणलं होतं. तुले माझं दुकान कोणी सांगतलं? बसस्टॉपवर विचारलं? नाही? मंग?

कोणी?

पार्लरवालीनं.

भंडाऱ्याच्या? उंच आहे, गोरीशी, बोलताना मान अशी करते? का म्हणाली ती? नाही, सांग, जसं म्हणाली तसं सांग. "विश्वास नसन तर जाऊन भेटा, माझी सख्खी बहीण आहे, बांगड्यायचं दुकान आहे, ती खोटं नाही बोलत." असं म्हणाली? पत्ताबी तिनंच लिहून दिला? दाखव कागद. हो. तिचंच अक्षर आहे. र असा काढायले मीच शिकवलं होतं तिले, पाटीवर.

म्हणजे बाकीच्याबी तिनंच पाठवल्या.

तिले माहीत होतं. मी हो म्हणीन हे तिले पक्कं माहीत होतं. बाई मरीन पण पदर काढणार नाही, हे तिच्याइतकं कोणाले माहीत असन? माझी लाजच कामाले लावली तिनं. आन् मी चहा पाजत होती!

बस तू. उठू नको. मोबाइल आहे ना तुझ्याजवळ? काढ.

ही एक पिन. ही दुसरी. धर हातात, पडतीन. आन् हा पदर. घे. पाह्य. नीट पाह्य, जवळून पाह्य, याच्यासाठीच आली ना दोन बसा बदलून? एकबी केस नवीन नाही. आता फोटो काढ. अवं वरून नाही! उभी नको राहू, बसूनच, समोरून काढ. तोंडासकट काढ. टाळूबी आली पाहिजे आन् तोंडबी आलं पाहिजे, मी अशी थोडी मान खाली करते. आलं दोन्ही? दाखव. हं. अशी दिसते मी.

भासरे? हो, मोठ्यानं बोलली मी, ऐकलं त्यायनं. पाहून राहिले का? नाही, मान खाली घातली, पेपर तोंडावर घेतला. घेऊ दे. भाऊजी, मी रुखमिणीच आहे, दुसरं कोणी नाही, वाचा तुम्ही.

पाठव तिले. तिचा नंबर या कागदावर खाली आहेच. खाली काही नको लिहू, तिले समजते. गेला? पाह्यला तिनं? निळं झालं? लवकर पाह्यलं. काहीतरी लिहून राहिली का? लिहू दे.

आला का? नको, वाचू नको. वाचू नको म्हटलं ना तुले! ठेव तो मोबाइल पर्समध्ये.

ओढणी बांध नीट, ऊन आहे. पिना दे माझ्या. नाही, इथंच ठेव, राहू दे. आन् पाया नको पडू, बांगड्या भरणारीच्या पाया पडतात ते मले माहीत आहे, आज नको. बस येईन तुझी. जाय. जाय म्हणते ना.